मुंबईकरांसाठी ट्रेल मॅरेथॉन आणि रिले: फॉर्म भरण्यापासून सोमवारच्या जिन्यापर्यंत

शिवाजी पार्कला किंवा मरीन ड्राइव्हला नेमाने पळणारी माणसं ट्रेल मॅरेथॉनचा, म्हणजे डोंगरवाटांवरच्या मॅरेथॉनचा, फॉर्म उघडला की आधी अंतर बघतात. त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. डांबरावरचे ४२ किलोमीटर आणि सह्याद्रीतले ४२ किलोमीटर यांत आकडा सोडला तर काहीच सारखं नसतं. बघायचं ते हे की मला किती तास लागतील. पाणी किती, खाऊ किती, हेडलॅम्प लागेल का, कट-ऑफ, म्हणजे शर्यत पुरी करायची ठरलेली मुदत, गाठता येईल का, रिलेत कोणाला कुठला टप्पा द्यायचा, परतीला कुठली गाडी मिळेल, हे सगळं त्या एका अंदाजावर उभं राहतं.

आधी तासांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना, म्हणजे इट्रा, शर्यतींची तुलना करायला एक सोपं गणित वापरते. दर १०० मीटर चढाला अंतरात १ किलोमीटर मिळवायचा. समजा शर्यत ४२ किलोमीटरची आहे आणि एकूण चढ १४०० मीटर. ४२ आणि १४ मिळून झाले ५६. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन तुम्ही पाच तासांच्या आसपास पुरी करत असाल, तर तुमचा वेग किलोमीटरला साधारण ७ मिनिटं. ५६ गुणिले ७ म्हणजे ३९२ मिनिटं, साडेसहा तास. त्यावर खडबडीत वाट, ऊन, बाटल्या भरायला थांबणं, चुकलेलं वळण शोधणं यासाठी दहा ते वीस टक्के चढवा. आकडा सव्वासात ते पावणेआठ तासांवर जातो.

आता आयोजकांचा कट-ऑफ बघा. आठ तास असेल तर तुम्ही काठावर आहात, नऊ असेल तर श्वास घ्यायला जागा आहे. फक्त शेवटचा कट-ऑफ बघून भागत नाही, मधल्या पाणी-केंद्रांचे कट-ऑफही तपासा. सगळा चढ पहिल्या अर्ध्यात असेल तर सरासरी वेगाने काढलेला हिशेब तिथेच कोलमडतो.

या गणितात एक भोक आहे. त्याला उतार दिसत नाही. ७०० मीटरचा घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या माती-दगडांचा, उतार कागदावर शून्य मोजला जातो, पण मांड्यांना तो चढापेक्षा महाग पडतो. पेडर रोडचा चढ ज्यांना अजून चढ वाटतो, त्यांनी तर उतारासाठी वेगळी वेळ धरावीच.

फॉर्म भरताना

टी-शर्टाचा साइज सोडला तर फॉर्ममधली प्रत्येक ओळ महत्त्वाची असते, आणि लोक नेमका साइज नीट बघतात. एकूण चढ, फोनवर किंवा घड्याळात मार्ग दाखवणारी जीपीएक्स फाइल आणि केंद्रांमधली अंतरं दिलेली आहेत का हे आधी पाहा. नसतील तर विचारा. ज्या आयोजकाला स्वतःच्या मार्गाचा एकूण चढ सांगता येत नाही, त्याच्या शर्यतीत मी तरी पैसे भरणार नाही.

सह्याद्रीतला बराचसा मार्ग वन विभागाच्या हद्दीतून जातो आणि त्यासाठी परवानगी लागते. ती ऐनवेळी मिळाली नाही तर मार्ग बदलतो किंवा तारीख पुढे जाते. अशा वेळी पैसे परत मिळणार की पुढच्या वर्षाची एंट्री मिळणार, हे नियमांत लिहिलेलं असतं. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, तेही तिथेच सापडेल. बहुतेक ठिकाणी येत नाही. मित्राचं बिब लावून पळणं म्हणजे अपघात झाला तर डॉक्टरांच्या हातात भलत्याच माणसाचा रक्तगट देणं.

आपत्कालीन संपर्क म्हणून जो त्या दिवशी घरी असेल आणि फोन उचलेल अशा माणसाचं नाव द्या. नवरा-बायको दोघं पळत असतील आणि दोघांनी एकमेकांचे नंबर दिले असतील, तर दोन्ही फोन एकाच डोंगरात रेंजबाहेर असतात. रक्तदाब, साखर, दमा असेल किंवा चाळिशी ओलांडली असेल, तर फिटनेस सर्टिफिकेटवर नुसती सही घेऊ नका, खरोखर तपासून घ्या. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती बिबाच्या मागे वॉटरप्रूफ पेनाने लिहा.

मुंबईत राहून डोंगराचा सराव

अर्धमॅरेथॉन सहज पळत असाल तर पूर्ण ट्रेल मॅरेथॉनसाठी चौदा ते सोळा आठवडे हाताशी ठेवा. रिलेतल्या दहा-बारा किलोमीटरच्या टप्प्याला आठ-दहा आठवडे पुरतात. आठवड्यातून चार दिवस पळायचं: एक दिवस लांब, एक दिवस चढ, दोन दिवस निवांत. शिवाय दोनदा घरच्या घरी पायांची ताकद वाढवणारे व्यायाम, म्हणजे बैठका, लंज (एक पाय पुढे टाकून खाली वाकणं) आणि एका पायावर तोल सांभाळणं.

लांब पळणं किलोमीटरमध्ये मोजू नका. तीन तास, साडेतीन, चार असं वेळेने वाढवत न्या. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांनी एकदा तरी पाच तास पायांवर राहावं, त्यातला तासभर चालण्यात गेला तरी हरकत नाही. हा सर्वात मोठा दिवस शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकायचा.

चढ कुठे मिळणार? बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता सर्वांत सोयीचा. मुख्य दरवाजापासून लेण्यांपर्यंत सुमारे ६ किलोमीटर, शेवटी चांगलीच चढण, आणि वर लेण्यांच्या पायऱ्या. सोमवारी उद्यान पर्यटकांना बंद असतं. रस्ता सोडून आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय शिरू नका. बिबट्यांचं ते घर आहे, आणि वन कर्मचारीही तिथे काही उगाच उभे नसतात. आरेतले चढ-उतार छोटे असले तरी एकामागोमाग येतात, त्यामुळे वेग बदलायचा सराव होतो. तिथे उजाडल्यावर आणि दोघा-तिघांनी मिळून पळा. ठाणेकरांना उपवनपासून येऊरचा चढ आहे. महिन्यातून एखादा रविवार माथेरानसाठी काढा: नेरळहून घाटरस्त्याने दस्तुरीपर्यंत आणि पुढे लाल मातीच्या वाटांवर. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे आणि नेरळ जवळजवळ पायथ्यालाच, त्यामुळे एका फेरीत शर्यतीच्या निम्म्याहून अधिक चढ पदरात पडतो.

ज्यांना रविवारशिवाय सवड नाही त्यांना इमारतीचा जिना आहे. एक मजला साधारण ३ मीटर धरला तर २० मजले म्हणजे ६० मीटर आणि दहा फेऱ्यांत ६०० मीटर. वर जाताना पळायचं नाही. दोन्ही तळवे मांडीवर गुडघ्याच्या वर टेकवून, किंचित वाकून, दमदार पावलं टाकत चालायचं. शर्यतीतही चढावर हेच करायचं आहे आणि पुढे असणारेही तेच करतात. उतरताना लिफ्ट घ्यायचा मोह होतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे घ्या हवं तर, पण नंतर जिन्यानेच उतरा. उतारावर स्नायू ताणले जात असताना आकुंचन पावतात, त्यातून त्यांना सूक्ष्म इजा होते, आणि ही इजा सोसायची सवय फक्त उतरूनच लागते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पहाटे साडेपाचला धडधड कसली म्हणून वॉचमन वर येतो.

पावसाळ्यात डोंगरावर पळायचं तर शेवाळलेल्या काळ्या कातळावर बूट कितीही महागाचा असला तरी टिकत नाही. तिथे चालायचं. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि ओढ असेल तर परत फिरायचं.

बूट, मोजे आणि कुसळं

रस्त्याचे बूट मुरमाड वाटेवर चालून जातात, घसाऱ्यावर नाही. तळाला ४ ते ५ मिलिमीटरच्या खुंट्या असलेले ट्रेलचे बूट घ्या आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाच मापाला जा. शर्यतीपूर्वी त्या बुटांतून निदान दोन-तीन लांब पळणी झालेली हवीत. लेस बांधताना वरच्या शेवटच्या भोकातून फास करून टाच घट्ट अडकवली की उतारावर बोटं पुढे जाऊन आपटत नाहीत. नखं शर्यतीच्या आदल्या रात्री कापू नका, तीन-चार दिवस आधी कापा.

पावसाळा संपला की ऑक्टोबर ते डिसेंबर हा कुसळांचा काळ. गवत वाळतं आणि त्याची काटेरी टोकं मोज्यात घुसतात. एक कुसळ घोट्यापाशी अडकलं की प्रत्येक पावलाला टोचतं, उपटायला जावं तर निम्मं आतच मोडतं, आणि दहा किलोमीटरनंतर त्या जागी रक्ताचा ठिपका दिसतो. बुटावर चढवायचे कापडी गेटर मिळतात, ते वापरा. ते नसतील तर घोट्यावर घट्ट बसणारे, विणीने दाट असे उंच मोजे घाला. लोकरीसारखे जाड मोजे कुसळांना आवडतात.

झुडपं अंगाला घासणारी वाट असेल तर खाजकुयलीचं भान ठेवा. तिच्या शेंगांवरची तपकिरी लव कातडीवर पडली की माणूस वेडा व्हायची पाळी येते. चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग पाणी. पाठपिशवीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा ठेवण्याची आणखीही कारणं आहेत, पण हे एक पुरे.

मांड्या, काखा आणि पाठपिशवीचे पट्टे घासतात तिथे व्हॅसलीन सढळ हाताने. मुंबईच्या घामाची सवय असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाणी, मीठ, खाऊ

घाम किती येतो हे मोजता येतं. तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. जेवढे किलो कमी झाले तेवढे लिटर घाम गेला, वाटेत प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. मुंबईच्या दमट हवेत हा आकडा बघून बरेच जण चकित होतात. मात्र गेलेलं सगळं पाणी भरून काढायच्या मागे लागू नका. तहान लागेल तसं प्या. सात-आठ तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते निर्जलीकरणापेक्षाही घातक ठरू शकतं. बोटं सुजणं, घड्याळाचा पट्टा अचानक घट्ट वाटणं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी साधं पाणी थांबवा आणि वैद्यकीय मदत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस मिळतं, त्याची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात टाकायची. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी कोंबून दाट द्रावण पिणारे पुढच्या झुडपामागे ओकताना दिसतात.

ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वसाधारण मापदंड आहे. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम, १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात २० च्या जवळपास. बाजारातल्या जेलच्या पाकिटात साधारण २० ते २५. साडेसात तासांची शर्यत आणि ताशी ४५ ग्रॅम धरले तर तीनशेच्या वर ग्रॅम होतात, आणि हे सगळं जेलने भरायचं म्हणजे खिसा आणि पोट दोघांवरही अन्याय. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की यांवर उत्तम भागतं. चिक्की उन्हात पाघळते आणि दाताला चिकटते, म्हणून ती पहिल्या दोन तासांत संपवा. काय चालतं आणि काय उलटून येतं ते लांब सरावांतच शोधा.

इब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं खाऊन पळू नका. लांब पल्ल्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती किडनीला बाधतात.

रिले: चौघांचं काम, एकाच्या डोक्यावर

रिले म्हणजे मॅरेथॉनचे तुकडे करून वाटून घेतले, इतकंच वाटतं. प्रत्यक्षात पळणं हा त्यातला सोपा भाग. संघ मागे पडतात ते थांबण्यात, शोधण्यात आणि वाट बघण्यात. म्हणून आधी एक कप्तान ठरवा, आणि तो सर्वांत जोरात पळणारा नसला तरी चालेल, सर्वांत वक्तशीर असला पाहिजे. पुरुष, महिला, मिश्र असे गट कसे आहेत, सदस्य बदलायची शेवटची तारीख कुठली, एक जण गळाला तर दुसऱ्याला त्याचा टप्पा पळता येतो का, हे त्याने वाचून ठेवायचं. वैद्यकीय फॉर्म मात्र प्रत्येकाने स्वतःचा भरायचा.

मग टप्पे वाटायचे. वरचीच शर्यत घेऊ, ४२ किलोमीटर आणि १४०० मीटर चढ, चार टप्प्यांत. इथे वजन म्हणजे अंतरात दर १०० मीटर चढाला १ मिळवून आलेला आकडा.

पहिला टप्पा: ९ किमी, चढ ५०० मीटर, वजन १४.
दुसरा टप्पा: १२ किमी, चढ २५० मीटर, वजन १४.५.
तिसरा टप्पा: १३ किमी, चढ १५० मीटर, पण उतार ७००, वजन १४.५.
चौथा टप्पा: ८ किमी, चढ ५०० मीटर, वजन १३.

नवख्या सदस्याला 'तू आठ किलोमीटरचा घे रे, लहान आहे' असं सांगणारे संघ प्रत्येक शर्यतीत असतात. आता वेळा मांडून बघा. सुरुवात पहाटे ५.३० ला, सगळ्यांचा वेग त्या वजनाच्या एककाला ७ मिनिटं. पहिला बदल ७.०८ ला, दुसरा ८.५० च्या सुमारास, तिसरा साडेदहाला व्हायला हवा पण ऊन चढल्यामुळे पावणेअकराला. म्हणजे तो 'लहान' टप्पा पावणेअकरा ते साडेबारा या वेळात, ५०० मीटर चढाचा, डोक्यावर सूर्य घेऊन. तो नवख्याला नको. तो उन्हाला सरावलेल्या, शांत डोक्याच्या माणसाला द्या. पहिला टप्पा अंधारात सुरू होतो, डिसेंबर-जानेवारीत मुंबईकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून तिथे हेडलॅम्पच्या उजेडात चढायची सवय असलेला हवा. तिसरा टप्पा ज्याचे गुडघे दणकट आहेत आणि जो उताराला घाबरत नाही त्याचा. नवख्याला दुसरा: उजेड आहे, ऊन कोवळं आहे, वाट मध्यम आहे.

प्रत्येक बदलाच्या तीन वेळा काढा: लवकरात लवकर, अंदाजे, आणि उशिरात उशीर. पुढच्याने लवकरच्या वेळेच्या वीस मिनिटं आधी एक्स्चेंज पॉइंटवर, म्हणजे बदलाच्या जागी, उभं असायचं. 'तो निघाला की फोन करेल' यावर विसंबू नका, घाटात रेंज मिळेलच असं नाही. उशिराची वेळ उलटून अर्धा तास झाला तर आयोजकांना कळवायचं, स्वतः उलट दिशेने शोधायला निघायचं नाही.

शुक्रवारी रात्री कप्तानाने ग्रुपवर एकच संदेश टाकावा आणि त्याखाली 'ओके'शिवाय काही येऊ देऊ नये. तो साधारण असा असतो: "पहाटे ३.१५ ला दादर पूर्वेला गाडी. उशीर झाला तर थांबणार नाही, स्वतः या. बिबं माझ्याकडे. दुसरा रनर पॉइंट १ वर ६.३० पासून उभा. बदल ६.५० ते ७.३०. वेळ मोजणारी चिप डाव्या घोट्यावरून काढून हातात द्यायची, फेकायची नाही. पॉइंट २ ला पार्किंग नाही, गाडी शाळेपाशी, तिथून १० मिनिटं चालत. चौथ्याने नाश्ता ८ वाजता करायचा, आमच्याबरोबर ४ ला नाही. गाडीची चावी ड्रायव्हरकडेच."

शेवटचं वाक्य हसण्यावारी नेऊ नका. चावी कमरेच्या पाऊचमध्ये घेऊन एक जण डोंगरात, आणि उरलेले दोघे बंद गाडीबाहेर, बूट आणि पाणी काचेआड. न पळणारा एक ड्रायव्हर मिळाला तर त्याला वडापाव, चहा आणि वरून टी-शर्टसुद्धा द्या. तो नसेल आणि शर्यत एका गावातून सुरू होऊन दुसऱ्या गावात संपणारी असेल, तर आयोजकांची बस आहे का ते फॉर्म भरतानाच विचारा. एकाच जागी फिरून येणाऱ्या वर्तुळाकार मार्गावर ही भानगडच नसते. पहिलीच रिले असेल तर तसाच मार्ग निवडा.

चिप बहुतेक वेळा वेल्क्रोच्या पट्ट्याने घोट्याला बांधलेली असते. चिखल आणि घामाने वेल्क्रो नीट धरत नाही आणि दमलेल्या बोटांना तो सुटत नाही. घरी दोनदा काढून-बांधून बघा. बदल आखलेल्या चौकटीच्या आतच व्हायला हवा. येणाऱ्याने शंभर पावलं आधी आपला बिब नंबर ओरडायचा, म्हणजे पुढचा झाडाखालून उठून उभा राहतो.

थांबण्याचाही सराव लागतो. चौथा रनर सगळ्यांबरोबर पहाटे तीनला उठलेला असतो आणि पळायला लागतो अकराला. मधल्या वेळात तो उभा राहतो, ओरडतो, फोटो काढतो, दुसऱ्यांच्या बाटल्या भरतो आणि स्वतःची पाळी येईपर्यंत अर्धा दमतो. त्याला गाडीत झोपवा. सावलीत चटई, पाय वर, पाण्याची त्याची स्वतःची बाटली, तिला कोणी हात लावायचा नाही. पाळीच्या अर्धा तास आधी उठून चालणं, हलकं पळणं. पळून आलेल्याला कोरडा शर्ट, चपला, ओआरएस आणि खारट काहीतरी. त्याच्या अनुभवातलं 'तिसऱ्या पाणवठ्यानंतर डावीकडे घसारा आहे' असलं काही पुढच्यांच्या कामाचं नसतं, तो टप्पा संपलेला असतो. तरी तो सांगणारच, ऐकून घ्या.

आदली संध्याकाळ आणि पहाट

बिब घ्यायचं केंद्र शहरात असेल तर शनिवार दुपारपर्यंत घ्या. दुसऱ्याकरवी घ्यायचं तर ओळखपत्राची प्रत आणि सहीचं पत्र लागतं. गावात मुक्काम असेल तर घरगुती जेवण छान मिळतं: भाकरी, पिठलं, भात, आणि बाजूला ठेचा. भात जास्त घ्या. ठेचा मावशींना सांगून शर्यतीनंतरच्या ताटात वाढून घ्या.

सक्तीचं सामान तपासून एका जागी मांडा. शिट्टी, हेडलॅम्प आणि नवे सेल, निदान एक लिटर पाण्याची सोय, चार्ज केलेला फोन आणि त्यात ऑफलाइन नकाशा, चकचकीत उबदार फॉइल, क्रेप बँडेज, थोडे रोख पैसे, आणि घडीचा कप, कारण बऱ्याच ट्रेल शर्यतींत कागदी कप देत नाहीत. सुरुवातीच्या जागी शौचालयं कमी आणि रांग मोठी, वाटेत तर काहीच नाही. त्यामुळे सुटायच्या तासभर आधी पोचा. महिलांनी पॅड किंवा कप, टिश्यू आणि कचरा परत आणायला झिपलॉक पिशवी जवळ ठेवावी.

परफ्यूम आणि डिओ लावू नका, कारण पुढे मधमाश्या आहेत.

वाटेवर

मार्ग रिबनने आणि जमिनीवर फक्कीच्या बाणांनी दाखवलेला असतो. गुरं रिबन चावतात, एखादं पोर ती सोडून मनगटाला बांधतं, आणि फक्की शंभर पायांखाली पुसली जाते. दोन-तीनशे मीटर गेलात आणि खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत परत या. सह्याद्रीतला खरा फसवा प्रकार म्हणजे ढोरवाटा. गुरांच्या वाटा मळलेल्या, रुंद, अगदी आपल्याच वाटतात आणि झाडीत जाऊन अचानक फुटतात किंवा विरतात. माणसांच्या वाटेवर बुटांचे ठसे आणि दगडांवर झिजलेली चकाकी दिसते, ढोरवाटेवर शेण आणि खुरांचे खड्डे. पुढचा पळतोय म्हणून त्याच्या मागे जाऊ नका, तोही कोणाच्या तरी मागेच चाललेला असतो.

गावातल्या कोणाला विचारायचं तर 'मामा, वाट कुठं गेलीय?' असं विचारा. पण 'हितंच, पुढं' या उत्तरात अर्धा तास मावतो हे धरून चाला.

पाठीमागून कोणी आला तर बाजूला व्हा, उतारावर ओव्हरटेक करताना आधी आवाज द्या. कानात गाणी नकोत. जेलचं रिकामं पाकीट खिशात.

कड्यांवर आणि लेण्यांत आग्या मोहोळं असतात. तिथे आरडाओरडा, शिट्ट्या, ड्रोन नको. माश्या उठल्याच तर तोंड आणि मान कापडाने झाकून त्या जागेपासून लांब पळा, हात झटकत उभे राहू नका. सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे मुख्य विषारी. जांभ्या दगडाच्या सपाटीवर फुरसं सहज मिसळून जातं, म्हणून दगडावर बसताना आणि हात टेकवताना बघा. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं काहीही करू नका. अंगठी, घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, एकूण आपत्कालीन मदतीसाठी ११२, आणि वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

उन्हात कोणी झोकांड्या खात असेल, असंबद्ध बोलत असेल, तर शर्यत तिथेच सोडून त्याला सावलीत घ्या आणि अंगावर मिळेल तेवढं पाणी ओता, वारा घाला. आधी शरीर थंड करायचं, मग हलवायचं.

सोडायची वेळ आली तर

शर्यत सोडण्यात काही कमीपणा नाही, पण न सांगता सोडू नका. केंद्रावर जाऊन बिब नंबर द्या, चिप द्या, मग खाली उतरा. कोणी परस्पर गावातून जीप पकडून घरी जातो, आणि इकडे स्वयंसेवक अंधार पडेपर्यंत बॅटऱ्या घेऊन त्याला डोंगरात शोधत बसतात. मार्ग आवरत सर्वांच्या मागे येणारी मंडळी असतात, चालवत नसेल तर त्यांच्यासाठी वाटेवरच थांबा. रिलेत एक जण गळाला तर संघाचा निकाल बहुधा लागत नाही, तरी उरलेल्यांना पळू देतात का हे कप्तानाने विचारून ठेवलेलं असावं.

परतीचा प्रवास आणि सोमवार

पहाटे जाताना लोकल वेळेवर मिळते, गोची परतीला होते. रविवारचा मेगाब्लॉक साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत असतो, नेमका तुम्ही कर्जत किंवा कसारा स्टेशनात कुसळांसकट उभे असता तेव्हा. शनिवारीच वेळापत्रक बघून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर शर्यत पळालेल्याने घाटरस्त्याने स्टिअरिंगला हात लावू नये, झोप कधी लागते कळत नाही.

चिप परत केली का हे निघण्यापूर्वी तपासा, नाहीतर तिचे पैसे कापून घेतात. पहिल्या तासात मीठ, भात आणि प्रथिनं पोटात जाऊ द्या, आता ठेचाही चालेल. लघवी गडद तपकिरी होत असेल तर ती थकव्याची गोष्ट नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

उतारांचं दुखणं लगेच कळत नाही. ते एक ते तीन दिवसांत चढतं. सोमवारी दादरचा पूल चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र कठड्याला धरून, आडवं होऊन, एकेक पायरी घ्यावी लागते आणि मागची गर्दी काय बोलायची ते बोलते. मालिश आणि गोळ्यांपेक्षा रोज अर्धा तास हळू चालणं बरं. रिलेवाल्यांनी आठवडाभर आणि पूर्ण मॅरेथॉनवाल्यांनी दोन-तीन आठवडे वेगाचं पळणं टाळावं. काळं पडलेलं नख दुखत नसेल तर उपटू नका, खाली नवं आलं की ते आपोआप सुटतं.